भाऊ, राजकारण नोका करू

सज्जन माणसाने राजकारणात पडू नये, हे तुम्हाला मी काय सांगावे. पण हे पथ्य रोजच्या जगण्यात पाळायचे कसे, ते सगळ्यांनाच जमत नाही. आमचे गाव त्यात फार पुढे गेले आहे. परवाच्या ग्रामसभेत त्याची प्रचिती आली, म्हणून काही युक्त्या लिहून ठेवतो. तुमच्याही गावी कामी पडतील.

झाले एवढेच की मी उभा राहून वावराकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याचे विचारले, "आपल्या पांदणीचं काम यंदाच्या आराखड्यात आहे का?" ग्रामसेवकाने कागद चाळायला घेतले, तोवर मागून आवाज आला, "गुरुजी, चांगल्या कामात राजकारण नोका आणू ना बाप्पा!" लोक हसले. सरपंचबाईंच्या यजमानांनी मान डोलावली. विषय संपला. हा उपदेश ज्याने केला, त्याचे वावर माझ्या वावराच्याही पलीकडे आहे, त्याच पांदणीवर. ऑगस्टात त्याची बंडी अर्ध्या चाकापर्यंत रुतली होती. बैल सोडून खताच्या चुंगड्या डोक्यावर वाहून नेल्या त्याने. पण माणूस तत्त्वाचा पक्का. राजकारण नाही म्हणजे नाही.

तर पहिले म्हणजे, ग्रामसभेला जाऊच नका. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल ते, जमले की गणपूर्ती होते. सप्त्याच्या काल्याला आपल्याकडे पंगतीवर पंगती उठतात, पण ग्रामसभेला १०० डोकी दिसली तर ग्रामसेवकालाच घाम फुटेल. तेवढे लोक आले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे तुम्ही न गेल्याने गावाचे काही अडत नाही, उलट जास्तच सुरळीत होते. कायद्यानेच सोय करून ठेवली आहे. पुढचे काम घरबसल्या. सायंकाळी चपराशी रजिस्टर घेऊन दारात येतो. तुम्ही पन्नीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेले. तो पानाच्या खालच्या बाजूला बोट ठेवतो, "इथं करा भाऊ." वर काय लिहिले आहे ते पाहायची गरज नाही, कारण वर बहुतेक काही लिहिलेलेच नसते. सही करा, खर्रा दाढेखाली धरा, पन्नी नालीत टाका. नाली तुंबली की ग्रामपंचायतीला शिव्या द्या. त्याला राजकारण म्हणत नाहीत.

पैशाचेही विचारू नये. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी २०२१ ते २०२६ ह्या काळासाठी ग्रामपंचायतीच्या खात्यावर येत आला. त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, बाकीचा ४० टक्के कशाला लावायचा ते गावाने ठरवायचे. आमच्या गावाने ठरवले सिमेंटचे गट्टू. मारुतीच्या देवळापुढे गट्टू होतेच, ते उखडून नवे गट्टू बसवले. कोणी ठरवले म्हणून काय विचारता? तुम्हीच. सही आहे ना तुमची! हा जमाखर्च ई-ग्रामस्वराजवर कोणालाही मोबाईलमध्ये पाहता येतो, पण तुमच्या मोबाईलला त्याहून मोठी कामे आहेत. ट्रम्पने काय करायला पाहिजे होते, याचे व्हिडिओ अजून दहा जणांना पाठवायचे राहिले आहेत.

सरपंचपद महिलांना सुटले तर ताईंना सहीपुरते बोलवा, आणि बॅनरवर ताईंचा फोटो भाऊंच्या फोटोपेक्षा जरा लहानच ठेवा.

मतदानाच्या आदल्या रात्री दाराला कडी लावू नका.

शेतीचा आणि राजकारणाचा काही संबंध नाही, हे पोराबाळांनाही शिकवून ठेवा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवले, म्हणजे नेमका आपल्या वेचणीचा हंगाम. तुम्ही मात्र डगमगला नाहीत. खेडा खरेदीवाला काटा घेऊन दारात आला, कापसात हात घालून "ओला हाय ना काका" म्हणाला, आणि तुम्ही त्याने सांगितल्या भावात गाठोडी मोजून दिली. मग पानठेल्यावर बसून म्हणालात, "यंदा आपलं नशीबच खराब." तिथे कोणी आयात शुल्काचे नाव काढले की, "जाऊ द्या ना, तुमचं पुन्हा राजकारण सुरू झालं."

लोकशाही थोडीफार बंद पडली तरी तिकडे लक्ष देऊ नये. अमरावती, यवतमाळ, बुलढाणा इथल्या जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ निवडणूकच नाही, सगळा कारभार प्रशासकाच्या हातात. तुमच्या लक्षात तरी आले होते का? नाही ना? शाब्बास! सरपंच गावाने निवडायचा की सदस्यांनी, तेही मुंबईने २०१७ मध्ये एक ठरवले, २०२० मध्ये फिरवले, २०२२ मध्ये पुन्हा होते तसे केले. तुम्हाला कोणी विचारले नाही, तुम्हीही कोणाला विचारले नाही. फिट्टंफाट.

गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले. त्याबद्दल घाई करू नये.

"सगळे राजकारणी सारखेच" हे वाक्य मात्र दिवसातून एकदा तरी म्हणावे, जीभ स्वच्छ राहते. फक्त म्हणताना रोजगार हमीची आठवण काढू नका, पंचाईत होईल. १९७२ च्या दुष्काळात तुमच्या आजोबांनी ज्या कामावर खडी फोडली, ते काम कोण्या बाबाने हवेतून काढून दिले नव्हते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे त्या योजनेमागे हात धुऊन लागले होते, १९७७ मध्ये कायदा झाला, पुढे २००५ मध्ये सगळ्या देशासाठी तसा कायदा आला. त्या योजनेला पैसा पाहिजे म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. मी मास्तरकी केली, माझ्याही पगारातून तो दर महिन्याला कापला जायचा. मुंबईच्या हापिसातल्या माणसाच्या पगारातून पैसा काढायचा आणि तुमच्या शिवारातल्या मजुराच्या हातात द्यायचा, हे राजकारण नाही तर काय भजन आहे? आज कुठल्याही शिवारात खोदलेली विहीर दाखवा, बांधबंदिस्ती दाखवा, त्यामागे कुठेतरी कोणीतरी भांडलेले असते. तुम्ही त्या विहिरीचे पाणी पिता आणि म्हणता, आम्ही नाही बा त्या घाणीत पडत.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचे लोक तुमच्याएवढे सुशिक्षित नव्हते. त्यांनी ठरवले, "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." सगळ्यांचे एकमत होईपर्यंत बसायचे, मग कितीही वेळ लागो. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क गावाच्या नावावर करून घेतला त्यांनी. बांबूचे पैसे गावाच्या खात्यात घेतले. आणि तुम्हाला एक पांदण होत नाही. जंगल नको मागू बाप्पा, पांदण! आपल्याच बापजाद्यांची, नकाशात असलेली, दोन्ही बाजूंनी आपणच कोरून कोरून खाल्लेली पांदण!

सरपंचबाईंच्या यजमानांवर मी कशाला चिडू? ते त्यांचे काम बरोबर करतात. माणसे धरून ठेवतात, तालुक्याला खेटे घालतात, कोणता निधी कुठे वळवायचा ते त्यांना पाठ आहे. राजकारण त्यांनी एकट्याने केले, कारण तुम्ही सगळ्यांनी त्यांना मैदान मोकळे करून दिले. लाज वाटत नाही तुम्हाला? रोजगार हमीच्या कामांची यादी ग्रामसभेतून जाते, हे तुम्हाला माहीत आहे. पांदणीसाठी तिथेच बोलावे लागते, हेही माहीत आहे. तरी झेंडावंदन झाले, जिलेबीची पुडी हातात पडली की घराकडे पळता, आणि जो एक म्हातारा मागे बसून तुमच्याच रस्त्याचे विचारतो, त्यालाच तुम्ही गप्प बसवता. फुकटात! कोणी पैसे दिले होते का त्याचे? पुढच्या सभेला यायचे नसेल तर नका येऊ. पण ग्रामपंचायतीत जा, रजिस्टर मागा. परवाच्या त्या कोऱ्या पानावर आता काय लिहिले आहे ते तरी वाचा, खाली तुमची सही आहे.