सिग्नल उत्तम, संपर्क तुटलेला

वाय-फायचे चिन्ह पूर्ण भरलेले दिसत असताना पलीकडचा माणूस अर्ध्या वाक्यात गप्प होतो, आणि तक्रार केली की प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळते: राउटर बंद करून पुन्हा चालू करा. गेले तीन आठवडे मी हे ऐकत आहे. पेटी पुन्हा सुरू केली की थोडा वेळ सारे सुरळीत चालते, आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

घरात एकच राउटर होता तेव्हा आतल्या खोलीत सिग्नल कमकुवत होता, हे मान्य. त्यावर इंटरनेट सेवा देणाऱ्यांनी आणखी एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे राउटरसारखेच वाय-फाय पसरवणारी पेटी, सुचवला आणि तो पुरेना म्हणून तिसराही. बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने तिन्हींना एकच नाव दिले, तिन्हींची शक्ती कमाल ठेवली, फोनवरचे भरलेले चिन्ह मला दाखवले आणि तो निघून गेला. कोणता पॉइंट कोणत्या चॅनेलवर, म्हणजे रेडिओलहरींच्या पट्ट्यातल्या कोणत्या तुकड्यावर आहे, हे त्याने पाहिलेसुद्धा नाही. मी पाहिले, तेव्हा वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात दोन पॉइंट ६ क्रमांकाच्या चॅनेलवर होते आणि तिसरा ८ वर.

या पट्ट्यातील चॅनेल एकमेकांपासून केवळ ५ मेगाहर्ट्झ अंतरावर असतात, पण प्रत्येकाला जागा लागते सुमारे २० मेगाहर्ट्झ. म्हणून १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर न चढता शेजारी नांदू शकतात. एकाच चॅनेलवरचे दोन पॉइंट निदान एकमेकांचे ऐकतात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतात, त्यामुळे वेग विभागला जातो, एवढेच. ८ वरच्या पॉइंटचे बोलणे मात्र ६ वरच्यांना नीट उलगडत नाही. त्यांच्यासाठी तो निव्वळ गोंगाट ठरतो, पाठवलेली माहिती खराब होते, ती पुन्हा पाठवावी लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी फोनवरचा आवाज तुटतो. ही काही गूढ विद्या नाही. वाय-फाय बसवण्याचा व्यवसाय करणाऱ्याला एवढे ठाऊक नसावे, याचा मला मनस्वी राग येतो.

त्याहून मोठी चीड आहे ती शक्तीच्या बाबतीत. एका पॉइंटला सोडून दुसऱ्याला कधी जोडायचे, हा निर्णय मुख्यतः फोन घेतो, राउटर नव्हे. पॉइंट मोठ्याने ओरडत असल्यामुळे फोनला तो दूरवरूनही ऐकू येतो आणि फोन त्यालाच चिकटून राहतो. पण फोनचा स्वतःचा आवाज क्षीण असल्यामुळे तो पॉइंटपर्यंत धडपणे पोहोचत नाही. आतल्या खोलीत माझा फोन उणे ७८ डीबीएमवर (हे सिग्नलचे माप; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार) बाहेरच्या पॉइंटला धरून बसलेला असतो, तर त्याच खोलीतला पॉइंट उणे ४५ ला उपलब्ध असतो. शक्ती कमी केली, तर फोन वेळेवर दुसरीकडे वळेल. ८०२.११के, व्ही आणि आर ही वाय-फायची मानके फोनला शेजारच्या पॉइंटांची माहिती देण्यासाठी आणि जोडणी चटकन बदलण्यासाठीच आहेत, पण ती चालू आहेत का, या प्रश्नावर ग्राहक सेवेने मला राउटर पुन्हा सुरू करायला सांगितले!

मला हवे आहे ते फार थोडे. चॅनेल १, ६ आणि ११, २.४ वर रुंदी २० मेगाहर्ट्झ, आणि शक्ती कमी. यांपैकी एकही गोष्ट मला स्वतःला करता येत नाही, कारण ॲपमध्ये चॅनेलसमोर फक्त ‘स्वयंचलित’ लिहिलेले आहे, शक्तीचा उल्लेखच नाही, आणि उरलेल्या सेटिंग्जचा पासवर्ड त्यांच्याकडे आहे. माझ्या घरातल्या पेट्यांना मीच हात लावायचा नाही, आणि ज्यांनी लावायचा ते चौथा पॉइंट बसवण्याचा सल्ला देतात.

काल मला न विचारता माझी तक्रार ‘निवारण झाले’ असा शेरा मारून बंद करण्यात आली. कारण लिहिले होते, सिग्नल उत्तम. आज मी ती पुन्हा उघडली आहे आणि तिन्ही पॉइंटांचे चॅनेल व प्रत्येक खोलीत मोजलेले आकडे तिच्यासोबत जोडले आहेत.