एएमसी स्वस्त, पोरगा एकटा

लिफ्ट बंद पडली की आमच्या गोव्यातल्या पर्वरीच्या सोसायटीचा ग्रुप पेटतो. वार्षिक देखभालीच्या करारावर (एएमसी) दुरुस्तीला आलेला पोरगा एकटाच पिटमध्ये, म्हणजे लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरला, यावर मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधीचे दिवस आठवा. पावसाने पिटमध्ये पाणी, विजेची ये-जा, मुंबईहून मंडळी आलेली, गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीचं सामान वर न्यायचंय. सेक्रेटरी सारखा विचारतो, "बाबा, अजून किती वेळ?" अशा घाईत मेकॅनिक काय करतो? दार उघडं असताना लिफ्ट हलू नये म्हणून दाराच्या लॉकला एक कॉन्टॅक्ट असतो. फॉल्ट शोधायला तोच तारेने बायपास होतो. तार काढायची राहिली, तर दार उघडं असतानाही लिफ्ट चालते.

लिफ्टचा तोल सांभाळणाऱ्या काउंटरवेटचं तर आणखी वाईट. लिफ्ट वर निघाली की ते लोखंडी ओझं फारसा आवाज न करता खाली येतं. लिफ्टच्या टपावरून किंचित बाहेर वाकलेलं डोकं त्याच्या वाटेत सापडतं. पिटमध्ये उतरण्याआधी स्टॉप स्विच दाबायचा, टपावर लिफ्ट इन्स्पेक्शनवर टाकायची, म्हणजे ती फक्त टपावरच्या बटणांनीच हलते, हे पोरांना माहीत असतं. पण स्विचच गंजलेला असेल तर? समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत गंजतोच. खाली 'आत माणूस आहे' सांगायला दुसरा कोणी नसतो. वरचा कोणीतरी बटण दाबून मोकळा.

दुसरा माणूस का नसतो? कारण आपण सगळ्यात कमी कोटेशन उचलतो! मग काम पोटकंत्राटदाराकडे जातं. त्याच्याकडे दहापेक्षा कमी माणसं, म्हणजे सहसा ईएसआय (सरकारी कामगार विमा) नाही. असतं तर कामावरच्या दुखापतीसाठी रजेत पगाराच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळाली असती. पोटकंत्राटदाराच्या कामगाराची भरपाई मूळ काम देणाऱ्या कंपनीकडून मागता येते, ही तरतूद 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासूनची. पण बोट तुटलेल्या हेल्परला हे सांगणार कोण? त्याला टाके घालून गावी पाठवलं की प्रकरण मिटतं.

पिटमधलं पाणी उपसणं, तिथे दिवा लावणं हे बिल्डिंगचं काम आहे, त्या पोराचं नव्हे. आणि दोन माणसं येणार असतील तरच सही, हे कोटेशन मागतानाच सांगायला हवं.

पुढच्या सर्वसाधारण सभेत एएमसीची रक्कम वाढवायचा ठराव मी मांडणार आहे. विरोध कोण करणार तेही ठाऊक आहे. त्यातले दोघे तळमजल्यावर राहतात.