कॅमेरा खिशात आहे, माईक कुठाय?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस जोरात वाद चालला होता. सुरुवात दादानं केली, कोल्हापूरजवळ मोरेवाडीच्या चित्रनगरीत अजून मोठमोठी शूटिंग यायला पाहिजेत, सरकारनं तिथं हात सैल सोडून पैसा टाकायला पाहिजे वगैरे. त्यावर काकांचा लांबलचक मेसेज, की आधी जुन्या जयप्रभा स्टुडिओच्या जागेचं बघा, कलाकार रस्त्यावर उतरले तेव्हा तुम्ही सगळे कुठं होता, ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, जिथं १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, ती कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि तेव्हापासून आपण नुसतं आठवणी काढत बसलोय. मग वहिनी म्हणाली की पोरांना सिनेमा नकोच आहे, रील पाहिजेत, दिवसभर तेच. ह्या सगळ्यात माझा भाचा, म्हणजे दादाचाच मुलगा, वय १९, ग्रुपमध्ये असून एक अक्षर बोलला नाही. रात्री त्यानं मला एकटीला लिहिलं, "आत्या, ह्यात माझ्यासाठी काय आहे?"

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडं नव्हतंच. हे लिहितेय ते त्या प्रश्नामुळं.

त्यानं केलेलं काम आधी सांगते. मागच्या हंगामात तो कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळावर आठ दिवस रोज पहाटे जात होता, तिथल्या गुळव्यावर त्याला फिल्म करायची होती. हा माणूस चाळीस वर्षं काहिलीपुढं उभा राहतोय, उकळत्या रसाकडं नुसतं बघून सांगतो की आता उतरवा, आणि त्याची स्वतःची मुलं ह्या धंद्यात येणार नाहीत. भाच्यानं फोनवर ११ मिनिटांची फिल्म केली. चित्रं बघून मी गप्प झाले, चुलवाणातला जाळ, वाफेतून दिसणारा तो चेहरा, पहाटेचा तो उजेड, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. पण गुळव्या बोलायला लागला की काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मागं घाण्याचं इंजिन चालू, फोन सहा फुटांवर. त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी मनातलं सांगितलं असेल आणि ते सगळं इंजिनानं खाल्लं.

ह्याच्या आधी त्यानं एका खासगी क्लासला ३५ हजार भरले होते, तीन महिन्यांचा कोर्स, शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. आवाजावर एक तास झाला म्हणे, तोही फळ्यावर. दादा अजून ते पैसे काढतो विषयात आणि प्रत्येक वेळी पोराची मान खाली जाते, ते मला बघवत नाही.

आता इकडचं. आम्ही राहतो अमेरिकेत, बॉस्टनच्या पश्चिमेला, गाडीनं पाऊण तासावर, लहान गाव आहे. माझी मुलगी १५ वर्षांची. गावात कम्युनिटी टीव्हीचा एक स्टुडिओ आहे, हायस्कूलच्याच इमारतीत मागच्या बाजूला. गावात राहणाऱ्या कुणालाही, १८ च्या खालचा असेल तर आईवडिलांच्या सहीनं, तिथं तीन वेळा जाऊन शिकता येतं आणि नंतर कॅमेरा, स्टँड, माईक घरी नेता येतो. फुकट. अट एकच, की जे कराल ते आपल्या गावच्या चॅनलवर दाखवायला द्यायचं. मुलीच्या पहिल्या दिवशी तिथं शिकवणाऱ्या बाईंनी तिला कॅमेऱ्याला हातसुद्धा लावू दिला नाही, कानाला हेडफोन लावले आणि सांगितलं की बाहेर जाऊन दहा मिनिटं नुसतं ऐक आणि काय काय ऐकू आलं ते लिहून आण. मी गाडीत बसून बघत होते आणि माझ्या डोळ्यासमोर गुऱ्हाळ येत होतं.

हे फुकट कसं चालतं हे समजून घ्यायला मला दोन वर्षं लागली, आणि आपल्याकडच्या वादात नेमकी हीच गोष्ट नसते म्हणून जरा सविस्तर सांगते. केबल कंपनी गावाच्या रस्त्यांवरून, खांबांवरून वायरी नेते. रस्ते गावाचे, लोकांचे. तर इथल्या १९८४ च्या केबल कायद्यानुसार गावाला त्या कंपनीच्या केबलच्या कमाईतून ५ टक्क्यांपर्यंत फी घेता येते, आणि वर काही चॅनल लोकांसाठी, शाळांसाठी आणि गावच्या कारभारासाठी राखून ठेवायला सांगता येतं. मॅसॅच्युसेट्समध्ये खूप गावांनी ह्या पैशातून असले स्टुडिओ उभे केले. केंब्रिजचं केंद्र १९८८ पासून आहे, सॉमरव्हिलचं बरीच वर्षं युनियन स्क्वेअरमधल्या जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत चाललं. म्हणजे इथं कुणी दानशूर माणसानं पोरांवर उपकार केलेले नाहीत किंवा सरकारनं टॅलेंट शोधून बक्षीस दिलेलं नाही. रस्ता वापरता ना, मग त्याचं भाडं द्या, आणि त्या भाड्यातून आमच्या पोरांना बोलायला जागा. हिशोब आहे हा, साधा.

माझी मुलगी आता महिन्यातून दोनदा गावच्या बोर्डाची मीटिंग शूट करते, तासाचे पैसेही मिळतात. एका चौकात सिग्नल बसवायचा की नाही ह्यावर तीन तास लोक बोलले, ती कॅमेऱ्यामागं उभी होती. घरी आल्यावर जेवताना तिनं मला सांगितलं की म्हाताऱ्या लोकांना रस्ता ओलांडायला किती सेकंद लागतात ते एक आजोबा मोजून आले होते. १५ व्या वर्षी मला आमच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण हे माहीत नव्हतं.

पण इथं सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणणार नाही, कारण तसं नाहीये. लोक धडाधड केबल बंद करतायत, सगळे इंटरनेटवरून बघतात, आणि ती फी फक्त केबलवर आहे, इंटरनेटवर नाही, त्यामुळं हा झरा दरवर्षी आटत चाललाय. स्ट्रीमिंग कंपन्यांकडूनही अशी फी घ्यावी म्हणून राज्याच्या विधिमंडळात विधेयक आलंय, कंपन्यांचा विरोध आहे. दुसरं म्हणजे ज्या गावात पैसेवाले जास्त, केबलची बिलं मोठी, तिथला स्टुडिओ चकचकीत, आणि शेजारच्या गरीब गावात एक खोली. हे मला खटकतं. आणि तिसरं, मला सगळ्यात जास्त लागणारं, बघायला कुणी नाही. मुलीची फिल्म चॅनलवर लागली त्या रात्री आम्ही तिघं सोफ्यावर बसून बघितली, शेजारच्यांना सांगितलं होतं, ते छान म्हणाले दुसऱ्या दिवशी, बस्स.

आणि तिकडं भाच्याची ती आवाज नसलेली गुऱ्हाळाची फिल्म गणपतीत मंडळाच्या पडद्यावर लावली, तर गल्ली भरून लोक बसले होते! व्हिडिओ कॉलवर दाखवलं मला. ऐकू येत नव्हतं तर एक मावशी उठून मोठ्यानं सांगायला लागल्या की आता तो काय म्हणत असणार, त्यांचं माहेर गुऱ्हाळाचं. असा प्रेक्षक माझ्या मुलीला इथं जन्मात मिळणार नाही, आणि म्हणूनच मला राग येतो की ज्या गावात बघणारे आहेत, गोष्टी आहेत, करणारी पोरं आहेत, तिथं तीन हजारांचा माईक दोन दिवस उसना मिळायची सोय नाही.

मी घरच्या वादाकडं परत येते. चित्रनगरीला पैसा मिळू दे, मला आनंदच आहे, जयप्रभा ही आपली आठवण आहे आणि ती जपायलाच पाहिजे. पण चित्रनगरीत जे येतात ते आधीच शिकून, टीम घेऊन, बजेट घेऊन येतात, १९ वर्षांच्या पोराला तिथं फारतर गर्दीत उभं राहायचं काम. रीलबद्दल वहिनी म्हणते ते मला पटत नाही. पोरं करतात कारण दुसरी जागाच नाही, आणि ती जागासुद्धा त्यांची नाही. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं तेव्हा आपल्याकडच्या लहान लहान गावांतल्या किती पोरापोरींचं केलेलं सगळं एका रात्रीत गेलं. बंदी बरोबर की चूक हा वाद वेगळा, पण स्वतःच्या गावचं एक चॅनल असतं तर निदान तिथं काहीतरी शिल्लक राहिलं असतं.

आपल्याकडं हे जमणार नाही असं कुणी म्हटलं की मला नाटक आठवतं. नाटकात आपण हे केलंय! पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, कॉलेजची पोरं महिनाभर घसा फोडून तालमी करतात, सीनियर ज्युनियरला शिकवतात, हरले तरी पुढच्या वर्षी परत येतात, आणि आजचे आपले निम्मे आवडते नट आणि दिग्दर्शक असल्या स्पर्धांतूनच वर आले. म्हणजे पायऱ्या कशा बांधायच्या हे आपल्याला येतं. सिनेमासाठी तसल्या पायऱ्या नाहीत. आणि जिथं एखादी पायरी मिळाली तिथं काय होतं तेही आपण बघितलंय, जेऊरचे नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात कम्युनिकेशन शिकायला गेले, तिथं असताना केलेल्या शॉर्ट फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुंबई नाही, पुणे नाही, नगरचं कॉलेज. अशी कॉलेजं किती आहेत, जिथं कॅमेरा कपाटात कुलूप लावून ठेवलेला नसतो?

कायद्याचंही बघा. आवाजासाठी आपल्याकडं सोय आहे, २००६ पासून संस्थांना कम्युनिटी रेडिओ काढता येतो, म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून चालतेय आणि तिथं गावातल्या बायका स्वतः बोलतात. चित्रासाठी मात्र काही नाही. १९९५ च्या केबल कायद्यानं केबलवाल्यांना दूरदर्शनचे चॅनल दाखवणं सक्तीचं केलं, पण गावातल्या लोकांसाठी एक चॅनल ठेवा असं कलम कुणी घातलं नाही. रस्ते तर आपल्याकडंही रोज खोदले जातात, केबलसाठी, फायबरसाठी, आणि त्याचे पैसे महापालिका घेते. त्यातला थोडा हिस्सा पोरांसाठी बाजूला काढा असं मागायला काय हरकत आहे? मी काही ५ टक्के म्हणत नाही, पण मागणी तरी करू. चित्रनगरीसाठी निवेदनं देणाऱ्यांनी त्यात ही एक ओळ घालावी, एवढं माझं मागणं आहे.

आणि महापालिका हलेपर्यंत थांबायचं कशाला. इमारती आहेत आपल्याकडं, वाचनालयं! १९६७ च्या ग्रंथालय कायद्यापासून अनुदानावर चालणारी, अ ब क ड वर्गाची, राज्यात अकरा-बारा हजार आहेत. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासून. शिकागोच्या मुख्य लायब्ररीत २००९ मध्ये पोरांसाठी अशीच एक जागा काढली, तिथं लायब्ररीच्या कार्डावर कॅमेरे मिळायला लागले. पुस्तक उसनं देण्याची पद्धत आपल्याला दीडशे वर्षं माहीत आहे, अनामत घ्यायची, रजिस्टरमध्ये लिहायचं, तारखेला परत. तेच माईकला लागू करायचं. एक कपाट, दोन कॉलर माईक, एक स्टँड, एक लाइट आणि एडिटिंगसाठी एक बरा कॉम्प्युटर. ड वर्गाच्या वाचनालयाला अनुदानात हे परवडणार नाही हे मला कळतं, तिथं कर्मचाऱ्यांचा पगारच जेमतेम निघतो. पण माझ्यासारखी माणसं बाहेर आहेत ना, मंडळाला देणगी पाठवतोच आपण दरवर्षी.

भाच्याला मी शेवटी हेच लिहिलं. तो म्हणाला, "आत्या, कपाट कोण सांभाळणार?" बरोबर विचारलं, कारण इकडच्या स्टुडिओतसुद्धा खरं भांडवल यंत्रं नाहीतच, पोरीला पहिल्या दिवशी हेडफोन लावून बाहेर पाठवणाऱ्या त्या बाई आहेत. मी म्हटलं तूच सांभाळ, आठवड्यातून दोन संध्याकाळी, आणि जे नववी-दहावीतले येतील त्यांना आधी ऐकायला शिकव. दादानं आमच्या भागातल्या वाचनालयाच्या कार्यवाहांना विचारलंय, जिन्याखाली जुन्या मासिकांच्या बांधणीशेजारी जागा होऊ शकेल म्हणाले, कमिटीपुढं ठेवतो म्हणाले.

डिसेंबरात मी येतेय. दोन माईक घेऊन येते. गुऱ्हाळं तेव्हा चालू असतील, आणि भाच्यानं त्या गुळव्याला विचारून ठेवलंय, इंजिन थांबल्यावर, संध्याकाळी काहील धुऊन झाली की अर्धा तास परत बोलाल का. ते हो म्हणालेत.