चांदीचा मुलामा म्हणजे फसवणूक नाही: पोळ्याच्या त्या मेसेजला उत्तर

पोळा जवळ आला की तो मेसेज फिरायला लागतो, यंदा मला दारव्ह्याच्या मावशीनं पाठवला, गावच्या तीन ग्रुपवर आला आणि पुण्याच्या भाच्यानंही पाठवला. मेसेजचं म्हणणं असं की दुकानात चांदीसारखे चमकणारे ब्रॉंझचे नंदी, हत्ती, घोडे, मोर मिळतात ते सगळे नकली, आणि ओळखायचं कसं तर चुंबक लावा, बर्फ ठेवा, काळं पडते का पाहा, खाली जोड दिसते का पाहा, रांगोळीनं घासून पाहा, आणि शेवटी काय तर मोडीत भाव शून्य अन् ही आपली परंपराच नाही. मी नागपुरात इतवारीत 11 वर्षं मुलाम्याचं आणि पॉलिशचं काम केलं, आता गावात शेती पाहतो, पण हे वाचून गप्प बसवत नाही कारण या मेसेजपायी आमच्या शेजारच्या काकूंचा नंदी खराब झाला.

तर रांगोळीपासूनच सुरू करतो. मेसेजमध्ये लिहिलंय की घासल्यावर खालून लालसर पिवळं निघालं तर नकली. अहो, मुलामा म्हटलं की खाली ब्रॉंझच असणार ना, तेच निघणार! काकूंनी वशिंडावर आणि शिंगांवर दाबून घासलं, तांबूस डाग पडले, मग मला हाक मारली, "बाप्पा, हे तं लाल निघालं, दुकानदारानं फसवलं ना रे मले." मी बिल पाहिलं, त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, चांदीचा मुलामा, ब्रॉंझ. म्हणजे दुकानदार खरं बोलला होता. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. आपल्या घरी चांदीचं निरांजन, ताम्हण रांगोळीनं घासतात ते चालून जाते कारण ते आरपार चांदीचं असते, थोडं झिजलं तरी खाली चांदीच. मुलाम्याचा थर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात, चांगल्या कामात 10 मायक्रॉनच्या आसपास, आणि माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो, आता तुम्हीच पाहा दगडाच्या भुकटीपुढं तो थर किती टिकेल. टूथपेस्टचंही तेच, तिच्यातही घासणारी पावडर असतेच.

चुंबकाचं एका ओळीत सांगतो. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे एवढंच कळते. नाही चिकटला तर काहीच कळत नाही, कारण ब्रॉंझ, पितळ, जस्त, ॲल्युमिनियम, चांदी, कशालाच तो चिकटत नाही.

बर्फाची गोष्ट ऐकायला छान वाटते. चांदी सगळ्या धातूंत उष्णता सगळ्यात लवकर वाहून नेते हे खरं आहे, तांबं तिच्या अगदी मागंच. पण तांब्यात 10 टक्के कथील घातलं, म्हणजे ब्रॉंझ झालं, की हा गुण खूपच कमी होतो, आणि वरच्या 10 मायक्रॉन चांदीनं बर्फाला काही फरक पडत नाही. उलट ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर बर्फ ब्रॉंझपेक्षा लवकर वितळते, मग या हिशोबानं पातेलं जास्त अस्सल ठरलं का?

काळं पडते म्हणून नकली, हे तर पूर्ण उलटं आहे राजेहो. काळी पडते ती चांदीच! हवेतल्या गंधकाशी तिची रिॲक्शन होते आणि वर सिल्व्हर सल्फाईडचा थर येते, शंभर नंबरी चांदीचे पैंजणही काळे पडतात हे घरोघरी माहीत आहे. क्रोमचं किंवा निकेलचं पॉलिश असलं तर ते असं काळं पडत नाही, म्हणजे वर्षानुवर्षं देवघरात तसंच्या तसं लखलखत राह्यलं तर उलट विचारा की हे नक्की चांदीच आहे का, की वर लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश मारलंय. चुलीजवळ ठेवलं, रबर बँड लावून ठेवलं तर लवकर काळं पडते, रबरातही गंधक असतेच. आमच्याकडं कापसाची काय कमी, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. काळं झालं तर कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण, मऊ कपडा, आणि लगेच कोरडं करा, कुंकू आणि पंचामृताचा ओलावा खाचेत राहू देऊ नका. आणि एक, बऱ्याच मूर्तींत डोळे, झूल, गळ्यातल्या घंटा उठून दिसाव्या म्हणून कारागीर खाचेतला काळेपणा मुद्दाम ठेवतो. ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याच्या गरम पाण्यात बुडवलं की तोही निघून जाते आणि मूर्ती सपाट दिसायला लागते.

आता जोड. मेसेज म्हणते जोड दिसला म्हणजे मशीनचा माल. हे लिहिणाऱ्यानं ओतारी काम कधी पाह्यलेलंच नाही, मला याच मुद्द्याचा सगळ्यात जास्त राग येतो. मेणाच्या ओतकामात आधी मेणाचा बैल बनवतात, बस्तरकडचे घडवा कारागीर तर मेणाचा दोरा काढून मातीच्या गाभ्यावर गुंडाळतात, मग वरून मातीचे थर, त्यात वारुळाची मातीही वापरतात, मग भट्टीत मेण वितळून जाते आणि त्या पोकळीत धातू ओततात. तांबं 1085 अंशाला वितळते, कथील घातल्यावर थोडं आधी. धातू आत जायला आणि हवा बाहेर यायला वाटा ठेवाव्या लागतात, त्या नंतर कापून कानशीनं घासतात, म्हणून पायाखाली, पोटाखाली खुणा राहतात. मोठ्या मूर्तीची शिंगं, शेपूट, पाय वेगळे ओतूनही जोडतात. या तर हाताच्या खुणा आहेत! मशीनच्या मालाचा संशय घ्यायचाच असेल तर दोन्ही कुशींवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत साच्याची एकसारखी सरळ रेघ आहे का ते पाहा, आणि शेजारचे चार नंदी केसागणिक सारखे आहेत का पाहा. वजनही पाहा, रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थात, ब्रॉंझची भुकटी मिसळून केलेला माल बाजारात खूप आहे, तो हातात घेतल्यावर हलका लागते आणि धातूसारखा गार लागत नाही. ब्रॉंझ पाण्याच्या जवळपास पावणेनऊ पट जड. फक्त पोकळ मूर्तीत मातीचा गाभा आतच राह्यला असेल तर वजनाचा हा हिशोब चुकते, तेवढं लक्षात ठेवा.

मोडीचा भाव, यात अर्धं खरं आहे आणि ते मी लपवत नाही. हाताएवढ्या नंदीचं अंग धरा 300 चौरस सेंटीमीटर, 10 मायक्रॉनच्या थराला चांदी लागते साधारण 3 ग्रॅम. ती काढून विकायची म्हटलं तर परवडत नाही, मोडीत ब्रॉंझचाच भाव येईल. म्हणून कोणी चांदीच्या भावानं विकत असेल तर घेऊ नका, आणि चांदी म्हणून गुंतवणूक करायची असेल तर हॉलमार्कची चांदी घ्या, मुलाम्याच्या वस्तूला चांदीचा हॉलमार्क मिळत नाही. पण लाकडी नंदी तान्ह्या पोळ्याला घेतो तेव्हा आपण लाकडाचा मोडीचा भाव विचारतो का?

आणि परंपरा. विजेवर मुलामा देणं विलायतेतून आलं, 1840 साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननं त्याचं पेटंट घेतलं, हे मान्य. पण धातूची जनावरं आपल्याकडं परकी कशी? 1974 मध्ये प्रवरेकाठी दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला खोदताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ सापडला, चारही भरीव ओतलेले, मिळून 60 किलोच्या वर, आणि ते हडप्पा काळाच्या अखेरीचे मानतात. आपल्या नागपूरजवळ माहुरझरीच्या शिळावर्तुळांत, म्हणजे दगडांचं गोल रिंगण केलेल्या प्राचीन दफनांत, घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने निघालेत. जनावर सजवून त्याला मान द्यायची रीत इथली फार जुनी आहे.

काकूंचा नंदी सध्या माझ्याकडं आहे. पुढच्या आठवड्यात नागपूरला नेतो, जुना थर काढून परत मुलामा चढवता येते, वशिंडावर खोल ओरखडे आहेत ते आधी पॉलिश करावे लागतील. पोळ्याच्या आत झाला तर बरं, नाहीतर काकू म्हणतात तसाच पाटावर ठेवू, लाल वशिंडाचा.