‘गोष्टी सांगून पाणी मुरत नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘खान्देशी शेतकरी’ या नावाने लिहिणाऱ्या भाऊंना नमस्कार.

मागच्या आठवड्यातल्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली. मी ती तीनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी इथे देते:

“ताई, लेख गोड आहे. पण गोष्टी सांगून पाणी मुरत नाही. अनुदान वेळेवर द्या, कापसाला भाव द्या, ठिबक आपोआप येईल. शिरपूरला पोकलेन लागले, गाणी नाही लागली. बारीपाड्याचं सालही चुकलंय. तुम्ही माहेरच्या आठवणी लिहा, पाण्याचं आमच्यावर सोडा.”

लेखात मी काय म्हटलं होतं तेही सांगते, कारण प्रतिक्रिया वाचून ते कुणाला कळणार नाही. पाणी, जंगल, माती यांच्या बाबतीत आपल्या भागात जे बदल टिकले ते नवी युक्ती आणि ती सांगणारं माणूस, दोन्ही गावात एकत्र आल्यामुळे टिकले, असं माझं म्हणणं होतं. म्हणून वही ही आपली लोकगीतं गाणाऱ्यांना, डोंगऱ्यादेव या आदिवासी उत्सवाच्या रात्री थाळीवर कथा लावणाऱ्यांना या कामात मानाने बोलवा आणि त्यांचे पैसे द्या, असं मी सुचवलं होतं.

आधी चूक कबूल करते. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याची वनभाज्यांची स्पर्धा २००४ साली सुरू झाली, मी २००३ लिहिलं. २००३ साली त्या गावाला बँकॉकमध्ये आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, त्यात माझी गल्लत झाली. तुमचं बरोबर आहे, आभार.

पण सालाची चूक दाखवायला ‘लेख गोड आहे’ असं म्हणावं लागत नाही. गोड हा शब्द मी ओळखते. पंचवीस वर्षं शाळेत शिकवलं, शिक्षकांच्या बैठकीत बाईने काही मांडलं की हाच शब्द यायचा, आणि त्यानंतर लगेच विषय बदलायचा. ‘माहेरच्या आठवणी लिहा’ हे त्याच्याही पुढचं आहे. भाऊ, माझं माहेर पांझरा नदीच्या काठी आहे. तिथल्या पावणेदोन एकराच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे. त्या विहिरीला मार्चमध्ये किती पाणी असतं ते मला दर वर्षी मोजावं लागतं. माझे आजोबा पाटकरी होते, म्हणजे पाटाचं पाणी शेतांना वाटून देणारे. पाण्याचं ‘आमच्यावर’ सोडा म्हणता, तेव्हा त्या ‘आमच्या’त मी नाही हे तुम्ही कुठल्या आधारावर ठरवलंत?

आता तुमचं ते एक वाक्य. गोष्टी सांगून पाणी मुरत नाही.

१९९८ साली माझ्या वडिलांनी कर्ज काढून मिरचीला ठिबक बसवलं. जळगावच्या कारखान्यांमुळे तोवर ठिबक हा शब्द आपल्याकडे घरोघरी माहीत झाला होता, त्यात नवल काही उरलं नव्हतं. अनुदान मिळालं, आणि वेळेवर मिळालं. तुमच्या हिशेबाने एवढं पुरायला हवं होतं. पहिल्याच हंगामात विहिरीच्या पाण्यातल्या क्षाराने ड्रीपर बुजायला लागले. उंदरांनी नळ्या कुरतडल्या. संच विकणाऱ्या दुकानदाराने एकदा माणूस पाठवला, दुसऱ्यांदा फोन उचलला नाही. एका ओळीला पाणी, दुसरी कोरडी. वडिलांनी सगळ्या नळ्या गुंडाळल्या आणि गोठ्यात टाकल्या. दोन हंगाम त्या तिथे पडून होत्या, वर कडब्याच्या पेंढ्या. गल्लीतली माणसं येता-जाता विचारायची, आणि वडील उत्तर द्यायचे नाहीत.

मग आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मामा आले. पारोळ्याकडचे. आई माहेरी गेली नव्हती त्या वर्षी, म्हणून तेच आले. जेवणं झाल्यावर बाजेवर बसून त्यांनी सांगायला सुरुवात केली, “मन्हा बी संच बुजाई जायेल व्हता, दाजी.” त्यांनी ॲसिड सोडून नळ्या कशा धुतल्या, पहिल्या वेळी ॲसिड जास्त झालं आणि कपाशीची अख्खी ओळ कशी जळाली, मामींनी त्या दिवशी काय काय सुनावलं, मग नळ्यांची शेवटची टोपणं उघडून आठवड्याला पाणी कसं काढायचं, फिल्टरची जाळी कधी घासायची. वडील मधे मधे विचारत होते. किती टाकलं? कोणतं टाकलं? किती वेळ ठेवलं? मी बारावी होऊन डी. एड. करत होते, ओसरीत बसून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी नळ्या गोठ्यातून बाहेर आल्या. त्या पुढे अकरा वर्षं चालल्या.

दुकानातून मिळालेलं माहितीपत्रक आमच्याकडे होतंच. चार रंगांत छापलेलं. त्यात हसरा शेतकरी होता, उत्पादन किती वाढेल ते होतं. क्षाराचा, ॲसिडचा, जळालेल्या ओळीचा एक शब्द नव्हता. मामांच्या बोलण्यात सगळ्यात आधी ती जळालेली ओळ आली, म्हणून वडिलांचा विश्वास बसला. मी जिला गोष्ट म्हणते ती ही. आपल्यातल्याच माणसाने स्वतःचं नुकसान न लपवता सांगितलेली, आणि समोरच्याला मधेच अडवून ‘किती टाकलं?’ असं विचारता येणारी. तुम्ही गोष्ट म्हणजे झोपताना लेकरांना सांगतात ती समजलात. माझा लेख शेवटपर्यंत वाचला असता तर असं झालं नसतं.

आणि पाणी मुरण्याचंच म्हणता ना, तर पांझरेच्या काठावर उभं राहून हे वाक्य बोलूच नका. आपल्याकडची फड पद्धत तीन-चारशे वर्षांची. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली गावाचं थळ, म्हणजे पाटाचं पाणी पोचतं ती जमीन, आणि थळाचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस, त्यात भुसार, पुढच्या वर्षी फिरवायचं. जवळपास प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात, त्यामुळे पाणी कमी आलं तर तोटा सगळ्यांना सारखा. शेतकऱ्याने स्वतः बारं, म्हणजे शेतात पाणी घ्यायचं तोंड, फोडायचं नाही, पाणी पाटकरीच देणार. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले तेव्हा सुरुवातीच्या काळातच त्यांनी आपल्या खान्देशात काम केलं, आणि पांझरेच्या एका पाटासाठी नळाचा सायफन बांधला. पुढे दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. ठरलेल्या तुकड्यात ठरलेलं पीक, पाणी मोजून. मला तरी तिची जातकुळी फडाचीच वाटते.

या पद्धतीचा कायदा कुठल्या पुस्तकात होता? आजोबांबरोबर मी पाटाने चालायची. प्रत्येक चारीपाशी ते थांबायचे. इथे अमक्याने रात्री पाट फोडला होता, गावाने त्याला काय केलं. इथे दोन भावांचं भांडण झालं, ते कसं मिटलं. १९७२ साली गावाने ऊसाचा फड लावायचाच नाही असं कसं ठरवलं, कोण रडलं, कोण उठून गेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आलं. मी विचारायची, “पानी कथा गयं?” आपल्या अहिराणीत कथा म्हणजे कुठे, कुणीकडे. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आजोबांनी कधी ‘संपलं’ असा एक शब्द वापरला नाही. प्रत्येक वेळी माणसं सांगितली. मला पाटाचा सगळा नियम त्या चालण्यात कळला, आणि माझ्यासारखा गावातल्या प्रत्येक पोराला कळला.

आज आमच्याकडे बंधारा उभा आहे. सांडवा शाबूत आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी पाटाला पाणीही येतं. फड मात्र उरला नाही. ज्याला वाटेल ते पीक, ज्याला जमेल त्याने मोटार टाकावी. विहिरी झाल्या, वर धरणं झाली, ही कारणं मला माहीत आहेत, ती मी नाकारत नाही. पण आजोबांनंतर पाटावरून पोरांना घेऊन चालणारं कुणी राहिलं नाही, हेही त्याच वर्षांत घडलं. दगडचुना टिकला आणि पद्धत गेली, याचा अर्थ तुम्ही मला सांगा. दगडाने पाणी वाटलं जात असेल तर आता का वाटलं जात नाही?

शिरपूर तालुक्यातल्या पाणी मुरवण्याच्या कामाबद्दल एवढंच. सुरेश खानापूरकरांचं काम मी कमी लेखलेलं नाही. नाले खोल-रुंद केले, बिनदाराचे सिमेंट बंधारे बांधले, पोकलेन लागलेच. पण पोकलेन धुळ्यात होते, जळगावात होते, सगळीकडे होते. खानापूरकर भूवैज्ञानिक. आपल्या पायाखाली कुठे बसाल्ट आहे, कुठे तापीचा गाळ आहे, गाळातला चिकण मातीचा थर पाणी खाली का जाऊ देत नाही, हे त्यांनी साध्या शेतकऱ्याला समजेल असं सांगितलं. लोकांना जमिनीखालचं दिसायला लागलं म्हणून लोक त्या कामामागे उभे राहिले. सांगणं बाजूला काढा आणि मग शिरपूर उभं करून दाखवा.

पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपचं, म्हणजे गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेचं, उदाहरण मी लेखात दिलं होतं, त्यावर तुम्ही बोलला नाहीत. २०१६ साली तीन तालुक्यांत सुरू झालेली स्पर्धा २०१८ पर्यंत पंचाहत्तर तालुक्यांत गेली, आणि ती सुरू करणारी माणसं मुळात दूरचित्रवाणीवर आणि सिनेमात गोष्टी सांगणारी होती. पंचेचाळीस दिवस उन्हातान्हात लोकांनी टिकाव चालवला. त्या सगळ्या गावांत पाणी टिकलं असं मी म्हणत नाही. जिथे स्पर्धेनंतर पिकांचं कुणी बोललंच नाही तिथे ऊस आणि बोअर परत आले.

अजून एक, कारण तुम्हाला पुरावा हवा असेल. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत, दीडशेच्या आसपास गावांत श्रोता मंडळं चालवली. आठवड्यातून दोनदा शेतीचा, गावाच्या कामांचा कार्यक्रम, आणि तो संपल्यावर गावकऱ्यांनी एकत्र बसून चर्चा. अभ्यासकांनी आधी आणि नंतर लोकांना प्रश्न विचारून तपासलं. जिथे मंडळ होतं तिथे ज्ञान भरपूर वाढलं. जिथे नुसता रेडिओ होता तिथे फार कमी. यंत्र दोन्हीकडे एकच होतं, भाऊ. फरक बसून बोलण्याचा होता.

बारीपाड्यातही तेच. तिथलं जंगल राखणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, आता सगळे नाव घेतात. कुऱ्हाडबंदी तर कित्येक गावांच्या ठरावात आहे. बारीपाड्याच्या बाया दर वर्षी रानातल्या भाज्या शिजवून मांडतात, कुठली कुठे उगवते, कशी निवडायची, काय टाकून शिजवायची हे सांगतात, आणि तोंडाने सांगता सांगता जंगल का राखायचं ते पोरींच्या डोक्यात बसतं. ती स्पर्धा म्हणजे तुम्हाला गाणी वाटत असतील. मला ते जंगलाचं राखण वाटतं.

अनुदान आणि कापसाचा भाव हे प्रश्न खरे आहेत. माझ्याही घरात कापूस येतो. पण त्यावर मी लेख लिहिला नव्हता, आणि प्रत्येक चर्चेत भावाचा मुद्दा आणून बाकीचं बोलणं बंद पाडायची सवय मला पटत नाही. तो विषय तुम्ही लिहा, मी वाचेन.

राहता राहिलं तुमचं नाव. ‘खान्देशी शेतकरी’ आम्ही सगळेच आहोत. मी माझ्या नावाने लिहिते, गाव सांगते, वडिलांच्या गोठ्यात पडलेल्या नळ्यांबद्दलही लिहिते, आणि ते लिहिताना मला बरं वाटत नाही. समोरून मात्र बिननावाचं माणूस येतं आणि आठवणी लिहा म्हणतं. हे मला लागलं, लपवत नाही.

आखाजीला मी माहेरी असते. लेकी त्या सणाला माहेरी येतातच. पाट अजून चालण्यासारखा आहे, सांडव्यापासून शेवटच्या चारीपर्यंत सकाळी सातला निघालं तर ऊन व्हायच्या आत परत येता येतं. मामा आता थकलेत, पण बोलावलं तर येतील. तुमच्या शेतात ठिबक असेल, तर तुमचंही कधी ना कधी बुजलं असेल. ते कसं सुटलं ते त्यांना सांगा.

बारीपाड्याचं साल मूळ लेखात आज दुरुस्त केलं आहे.