तीस बाण, वीस गोब्लिन आणि फाशांवरचा आक्षेप

नमस्कार,

रंगवलेल्या छोट्या बाहुल्यांच्या फौजा टेबलावर मांडून फाशांनी खेळायच्या युद्धखेळावर मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : बुद्धिबळात हरलं तर चूक आपलीच असते, इथे मात्र महिनाभर खपून रंगवलेली फौज एका वाईट दानामुळे पळत सुटते, म्हणजे हे रंगीत बाहुल्या मांडून खेळलेलं द्यूतच. बाहुल्यांवर वाद घालत नाही. बारीक ब्रश घेऊन तासन्‌तास बसण्यातलं सुख ज्याचं त्याला. द्यूत हा शब्द मात्र मला लागला, कारण ज्या फाशांना तुम्ही नावं ठेवता त्यांच्यासाठीच मी हा खेळ खेळतो.

आमचा डाव होता वॉरहॅमर फँटसी बॅटलचा, २०१० च्या आठव्या आवृत्तीच्या नियमांनी. समजा, समोर हाय एल्फ या काल्पनिक जमातीचे तीस धनुर्धारी आहेत आणि माझे वीस गोब्लिन, म्हणजे भित्रे बुटके राक्षस, ढाली घेऊन पुढे येताहेत. लांबच्या पल्ल्यावर निम्मे बाण लागतात, म्हणजे पंधरा. त्यातल्या निम्म्यांनी जखम होते. चिलखत आणि ढालीमुळे तिसरा हिस्सा वाचतो. सरासरीने पाच गोब्लिन पडतात. वीसातले पाच म्हणजे पाव पथक, आणि एकाच टप्प्यात एवढे पडले की पॅनिक टेस्ट, म्हणजे घाबरून पळतात का याची परीक्षा, द्यावी लागते : दोन फाशांची बेरीज पथकाच्या लीडरशिपइतकी (धीर दाखवणारा आकडा) किंवा तिच्याहून कमी यायला हवी. गोब्लिनांची लीडरशिप सहा. ३६ पैकी १५ दानांत ते टिकतात, २१ दानांत पळतात.

तुम्ही एवढंच पाहिलंत. पण बारा इंचांच्या आत गोब्लिनांच्या बाजूने लढणाऱ्या धिप्पाड ऑर्कांचा म्होरक्या, वॉरबॉस, सेनापती म्हणून उभा असेल तर त्याची नऊ लीडरशिप गोब्लिनांना वापरता येते, आणि तेच पथक ३६ पैकी ३० दानांत टिकतं. फौजेचा निशाणवालाही तेवढ्याच अंतरात असला तर हुकलेलं दान पुन्हा टाकता येतं. मग पळण्याची शक्यता उरते ३६ पैकी एक. फासे तेच, गोब्लिन तेच. फरक पडला तो दोन फेऱ्या आधी मी वॉरबॉस कुठे ठेवला त्याने. तो गोब्लिनांपाशी थांबला तर डावी बगल त्याच्याविना लढणार, हेही मला तेव्हाच पत्करावं लागतं. माझ्या लेखी डाव तिथे खेळला जातो. दान नंतर पडतं.

बुद्धिबळाशी तुलना केलीत म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. १७८० मध्ये ब्रन्सविकच्या हेलविगने बुद्धिबळाचाच पट वाढवून युद्धाचा खेळ केला होता. मोहरा मोहऱ्यावर गेला की समोरचा मेलाच, अगदी बुद्धिबळासारखं. पुढे १८२४ मध्ये प्रशियाच्या तोफखान्यातला तरुण अधिकारी रायस्वित्झ याने पटावरच्या चौकटी सोडून नकाशा घेतला आणि चकमकीचा निकाल फाशांवर सोपवला. तो खेळ प्रशियाच्या जनरल स्टाफचा प्रमुख म्युफलिंग याला इतका पटला की त्याने सैन्यात त्याची शिफारस केली. हल्ल्याचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला हल्ला फसेल की साधेल हे ठाऊक नसतं, आणि तरीही हुकूम द्यावाच लागतो. हे बुद्धिबळाच्या पटावर शिकवता येत नव्हतं. माझ्या गोब्लिनांच्या पॅनिक टेस्टचं मूळ मला तिथे दिसतं.

एका ठिकाणी मात्र तुमचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि तो माझ्या लेखात यायला हवा होता. याच आवृत्तीत ‘पर्पल सन ऑफ झेरियस’ नावाचा मंत्र आहे. तो ज्यांच्यावरून सरकतो त्या प्रत्येकाने एका फाशावर आपल्या चपळाईइतकं किंवा त्याहून कमी दान आणायचं, नाहीतर थेट बाद. चिलखत उपयोगी नाही. लिझर्डमेन या सरड्यांसारख्या जमातीच्या सॉरस योद्ध्यांची चपळाई एक, म्हणजे सहांतले पाच जातात. तिथे सेनापती जवळ असून भागत नाही, निशाण कामी येत नाही, आधीची कुठलीच चाल आधार देत नाही. आमच्या टेबलावर आता तो मंत्र कोणी घेत नाही. एकदा मी घेतला होता. मित्राने तीन आठवडे रंगवलेले सॉरस दुसऱ्याच फेरीत डब्यात परत गेले, आणि जिंकूनही मला त्या संध्याकाळी दुसरा डाव मांडावासा वाटला नाही.