जयगाव ते लंडन व्हाया पुणे

शनिवारी लेकीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं, फोनिक्स म्हणजे इंग्रजी अक्षरांचे आवाज शिकवायला. का, तर म्हणे मुलं घरी जाऊन तुमचं इंग्रजी ऐकतात आणि शाळेतलं सगळं बिघडतं. जळगावचा एप्रिल, बाहेर ४२, आणि आम्ही पन्नासेक बाप-आया पहिलीच्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेलो.

मॅडमनी आल्याआल्या बॉम्ब टाकला. इंग्रजीत अक्षरं २६ पण आवाज ४४. म्हणजे वरचे १८ आमच्या मास्तरांनी आम्हाला कधी सांगितलेच नाहीत, फी मात्र पूर्ण घेतली.

मग प्रत्येकाला कागदाची पट्टी दिली. तोंडासमोर धरा आणि 'पिन' म्हणा, कागद हलला पाहिजे, 'स्पिन' म्हणा, हलता कामा नये. सगळ्यांचे कागद तोंड उघडायच्या आधीपासूनच फडफडत होते, कारण वर पंखा. तर मॅडमनी पंखे बंद केले!! मी 'पिन' म्हटलं, कागद ढिम्म. म्हणून जोर लावून 'फिन' म्हटलं तर म्हणे सर, हा माशाचा पर झाला. मग 'थ'. आपला थ जीभ दाताला टेकवून हवा अडवतो, त्यांचा जिभेचं टोक दातांत धरून नुसती हवा सोडायची. मी सोडली. पुढच्या बाकावरच्या काकांनी मान पुसली आणि बाक बदलला. व्ही ला वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यू ला फुंकणीने चूल फुंकतो तसे ओठ गोल, आपण एकाच व मध्ये दोन्ही उरकतो हे ऐकून मला तर आपलाच अभिमान वाटला.

पण खरा घाव 'ट' वर बसला. मॅडम म्हणे टेबल म्हणताना जीभ टाळूकडे वळवू नका, वरच्या दातांमागच्या उंचवट्याला नुसती लावा.

आता हे मला सांगता? आमच्या घरी अहिराणी, आमच्यात ळ चा य होतो, जळगाव म्हणजे जयगाव, धुळे म्हणजे धुये, डोळा म्हणजे डोया. पुण्याला होस्टेलवर गेलो तर पोरं रोज रात्री जेवण झालं की मला 'काळे राळे गोरे राळे' म्हणायला लावायची आणि मी 'काये राये गोरे राये' म्हटलं की उशा बडवून हसायची. सहा महिने आरशासमोर उभं राहून जीभ वळवायला शिकलो हो, आणि आता पैसे भरून ऐकतोय की वळवू नका. वर मॅडम सहज बोलून गेल्या की इंग्रजीत ळ नाहीच. आणि लंडनची ती कॉकनी बोलणारी मंडळी तर मिल्क मधला ल सुद्धा नीट म्हणत नाहीत, मिऊक म्हणतात. म्हणजे लंडनवाला ल चा ऊ करतो ती बोली, आणि माझी माय ळ चा य करते तो गावंढळपणा, वा रे वा.

शेवटी बोर्डावर बनाना. तीन ए, पण मधला एकच लांब आ, आजूबाजूचे दोघं पुसट अ, अर्धवट गिळलेले. आम्ही केळीच्या गावचे, आणि आम्हालाच बनाना शिकवून राहिले.

संध्याकाळी ओट्यावर बसून पट्टी समोर धरून पिन-पिन करत होतो. माय म्हणे, "तुन्हा तोंडले काय व्हयनं रे?" लेकीने लगेच पट्टी ओढून आजीच्या तोंडासमोर धरली, आजी, केळं म्हण. माय म्हणाली केयं. पुन्हा म्हण. केयं.

"पप्पा, कागद हललाच नाही. आजी नापास."

मायने ती पट्टी घेतली, केळं सोलून साल तिच्यात गुंडाळली आणि केळं नातीच्या हातात दिलं. "गुपचूप खाई ले."